सामन्यात वापरलेल्या वस्तूवर स्वाक्षरी घेताना या चुका टाळा

बडोद्याच्या संघाने १९४२-४३ ते २०००-०१ या काळात पाच वेळा रणजी करंडक जिंकला. विजय हजारे आणि दत्ताजीराव गायकवाड यांच्यापासून किरण मोरे, नयन मोंगिया, पठाण बंधू आणि पंड्या बंधू यांच्यापर्यंत या संघाचे खेळाडू शहरातल्या लोकांच्या ओळखीत, शेजारात आणि क्लबांत वावरत आले आहेत. त्यामुळे रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात सामन्यात वापरलेली बॅट किंवा चेंडू येतो तो बहुधा दुकानातून येत नाही, कुणाच्या तरी हातून येतो. आणि तो आला की दुसऱ्याच दिवशी घरातले कुणीतरी म्हणते, खेळाडू गावातच आहे, सही करून घेऊ या. माझे मत असे की ही घाई करू नये. स्वाक्षरी घ्यावी की नाही हा प्रश्न दुसरा आहे. वस्तू खरोखर सामन्यात वापरली गेली हे कशावरून म्हणायचे, हा पहिला. पुढच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

स्वाक्षरीला वापराचा पुरावा समजणे

स्वाक्षरी खरी असेल तर त्या खेळाडूने त्या वस्तूवर लेखणी टेकवली एवढेच सिद्ध होते. ती वस्तू त्याने मैदानात हाताळली, की संघासाठी आणलेल्या जादा संचातली ती होती आणि कधी पिशवीतून बाहेरच आली नाही, हे स्वाक्षरी सांगत नाही. खेळाडूच्या नावाने तयार केलेली जर्सी, सरावात घातलेली जर्सी आणि सामन्यात घातलेली जर्सी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. तिन्हींवर एकाच माणसाची अस्सल सही असू शकते, पण तिन्हींचे मोल सारखे नसते. विकणारा सहीकडे बोट दाखवून सामन्याची गोष्ट सांगू लागला, की दोन्हींची तपासणी वेगवेगळी करावी.

उलट बाजूचे उदाहरण फुटबॉलमधले आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत विश्वचषकाच्या इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात मॅराडोनाने घातलेला शर्ट सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज यांच्याशी अदलाबदल होऊन त्यांच्याकडे राहिला, आणि मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात तो ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. लिलावाआधी मॅराडोनाच्या मुलीने हा शर्ट गोल झालेल्या दुसऱ्या अर्धातला नसून पहिल्या अर्धातला असल्याचा आक्षेप घेतला होता. त्याचे उत्तर सहीने मिळण्यासारखे नव्हते. ते शर्टावरच्या पट्ट्या, बिल्ला आणि आकडे सामन्याच्या छायाचित्रांशी बारकाईने जुळवून दिले गेले.

आपल्याकडेही अशी तपासणी घरबसल्या बरीच करता येते, कारण खेळाचे नियमच काही दावे खोडून काढतात. कसोटी सामन्यात पाठीवर नाव आणि क्रमांक असलेले पांढरे शर्ट ऑगस्ट २०१९ च्या ॲशेस मालिकेपासून आले. म्हणजे त्याआधीच्या कसोटीतला म्हणून कुणी क्रमांकाचा पांढरा शर्ट दाखवला, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. एकदिवसीय सामन्यांत ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळे पांढरे चेंडू वापरले जाऊ लागले, त्यामुळे एक चेंडू जास्तीत जास्त २५ षटके टाकला जाई. २०२५ च्या मध्यावर हा नियम बदलला. मधल्या काळातला म्हणून सांगितलेला पांढरा चेंडू ५० षटके झिजल्यासारखा दिसत असेल, तर तो बहुधा नेट्समधला असतो.

पुरावे नोंदवण्याआधीच सही करून घेणे

वापरलेल्या बॅटचा पुढचा भाग टेबलावर ठेवून, दिवा एका बाजूने तिरका धरून पाहा. विलोच्या, म्हणजे बॅटच्या लाकडाच्या, उभ्या रेषा (ग्रेन्स) प्रत्येक बॅटमध्ये निराळ्या असतात. एखादी रेषा मध्येच वळलेली असते, एखादी गाठ असते, कडेला तपकिरी डाग असतो. स्टिकर किंचित तिरका चिकटवलेला असतो, त्याचा एक कोपरा उचललेला असतो. टोकाला क्रीजवर आपटून गार्ड घेतल्याच्या खुणा असतात, आणि मधोमध चेंडूच्या लाल ठशांचा थर असतो, ज्यातले काही ठसे शिवणीसकट उमटलेले दिसतात. छायाचित्राशी बॅट जुळवायची ती याच खुणांवरून.

आता याच जागेवर, म्हणजे चेंडूचे ठसे सर्वांत दाट असलेल्या भागावर, जाड मार्करने ठसठशीत सही करून घेतली, की जुळवणीचा अर्धा आधार शाईखाली जातो. म्हणून सहीआधी वस्तूचे सर्व बाजूंनी, दिवसाच्या उजेडात आणि शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र काढावे. त्या सामन्याचे धावपत्रक आणि वर्तमानपत्रातली छायाचित्रे मिळवावीत, आणि वस्तू कुणाकडून, कधी, कोणत्या निमित्ताने आली हे देणाऱ्याच्या सहीने कागदावर घ्यावे. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून जी व्यवस्था चालवली आहे, तिच्यात तपासनीस मैदानावर हजर राहून वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लावतो. आपल्या मैदानांवरच्या स्थानिक सामन्यांतल्या वस्तूला असा क्रमांक सहसा नसतो, म्हणून हा कागद इथे अधिकच महत्त्वाचा.

खेळाडूच्या तोंडी उत्तर घालणे

ही चूक बडोद्यासारख्या ओळखीपाळखीच्या शहरात फार होते. चहा घेऊन झाल्यावर आपण बॅट पुढे करतो आणि म्हणतो, “सर, ही तुमची शतकाची बॅट ना?” समोरचा सभ्य माणूस पाहुण्याचा हिरमोड करत नाही, हसून मान हलवतो आणि सही करतो. त्या होकाराला पुरावा म्हणून काही किंमत नाही. एका हंगामात चार-पाच बॅटी वापरलेल्या खेळाडूला पंचवीस वर्षांनी नेमकी बॅट आठवावी अशी अपेक्षाही नसावी.

त्याऐवजी, “सर, ही कोणत्या हंगामातली असेल असं आपल्याला वाटतं?” असे विचारावे आणि थांबावे. खेळाडू मुठीवरची दुहेरी ग्रिप पाहून, स्टिकर पाहून, बॅट हातात तोलून स्वतःहून काही सांगतो. ते तारखेसह लिहून घ्यावे, परवानगी असेल तर ध्वनिमुद्रित करावे. त्याला खात्री नसेल तर “सामन्यात वापरलेली” असे लिहून देण्याचा आग्रह धरू नये. संशयाने लिहिलेली ओळ पुढे कुणीतरी खात्री म्हणून विकतो.

चुकीची लेखणी, चुकीची जागा

सही घ्यायची असे ठरलेच, तर निम्मे नुकसान इथे होते. नेहमीच्या परमनंट मार्करची शाई म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग. ती लगेच सुकते, पण शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावर पसरते आणि उजेडात फिकी पडते. जवसाचे तेल प्यालेल्या उघड्या विलोवर ती रेषांच्या दिशेने बारीक केसांसारखी फुटत जाते. बॅटवर पारदर्शक अँटी-स्कफ शीट, म्हणजे ओरखडे टाळण्यासाठी चिकटवलेला पातळ थर, असेल तर शाई पसरत नाही, पण सही बॅटवर नसून शीटवर असते. शीट निघाली की सहीही गेली. म्हणून आधी नखाने कडा चाचपून शीट आहे की नाही ते पाहावे, टोकाच्या मागच्या बाजूला एक ठिपका देऊन दहा मिनिटे थांबावे, आणि मग बॅटच्या मागच्या बाजूला, ठशांपासून दूर, स्वच्छ जागी सही घ्यावी. दर्शनी भागावर सही दिसत नाही म्हणून काही जण नाराज होतात. दाखवण्यासाठी वेगळी कोरी बॅट घ्यावी आणि तिच्यावर हवी तेवढी मोठी सही घ्यावी.

चेंडूबाबत माझे मत अधिक कडक आहे: सामन्यात वापरलेल्या लाल चेंडूवर सही घेऊच नये. त्याची एक बाजू घासून राखलेली आणि दुसरी खडबडीत, हीच त्याची कहाणी असते, आणि सहीला मोकळी जागा कुठेच उरत नाही. काळा मार्कर लालावर दिसत नाही, बॉलपेन उरलेल्या लाखेवरून घसरते आणि झिजलेल्या कातड्यात रुतते, आणि चंदेरी पेंट मार्कर उठून दिसला तरी कातडे सुकून तडकले की त्याचे पोपडे निघतात. चेंडू जसा आहे तसा ठेवून खेळाडूची सही चांगल्या जाड कार्डावर घ्यावी आणि दोन्ही एका पेटीत ठेवावीत.

जर्सीचे कापड ताणले जाते, म्हणून आत पुठ्ठा सरकवून ते सपाट करावे; आकड्यांवर, शिवणीवर किंवा घाम-मातीच्या डागावर सही घेऊ नये आणि सुकल्याशिवाय घडी घालू नये. टोपीवर सही घ्यायची तर चोचीच्या खालच्या बाजूला, ग्लोव्ह्जवर मनगटाच्या पट्टीवर. सहीसाठी स्वच्छ दिसावी म्हणून जर्सी धुणे किंवा ग्लोव्ह्ज पुसणे हा प्रकार तर सर्रास चालतो, आणि त्यात वापराची उरलीसुरली खूण नळाच्या पाण्याबरोबर जाते.

सगळ्यांच्या सह्या गोळा करणे

एका खेळाडूने वापरलेल्या बॅटवर अकरा जणांच्या सह्या घेतल्या, तर ती ड्रेसिंग रूममध्ये सह्यांसाठी फिरवलेल्या स्मरणिका-बॅटीसारखी दिसू लागते. ज्याने वापरली त्याची एक सही पुरते. विरोधी संघाच्या गोलंदाजाची सही बॅटवर घेण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण ती धावपत्रकावर शोभते.

जुन्या वस्तूंबाबतची वेगळी अडचण

मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच झालेल्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. कोणत्याही गड्यासाठीची ती प्रथम श्रेणीतली सर्वांत मोठी भागीदारी २००६ पर्यंत टिकली. समजा, त्या सामन्यातली म्हणून एखादी बॅट माळ्यावर निघाली आणि तिच्यावर मार्करने केलेली सही आहे. शार्पी मार्कर बाजारात आला तो १९६४ साली, आणि अशा प्रकारचे मार्कर आपल्याकडे सर्वसामान्यांच्या हाती येण्यास आणखी काळ गेला. तेव्हा सही अस्सल असली तरी ती सामन्यानंतर अनेक वर्षांनी केलेली असणार. सामन्याशी तिचा संबंध वेगळ्या कागदाने जोडावा लागेल. हजारे २००४ मध्ये आणि गुल महंमद १९९२ मध्ये वारले. अशा खेळाडूंच्या वस्तूंसाठी त्यांचे जुने पत्र, सही केलेला सामन्याचा कार्यक्रम किंवा धावपत्रक मिळवणे हाच मार्ग उरतो. कुटुंबीयांकडून बॅटवर “यांची बॅट” असे लिहून घेऊ नये. त्यांचे निवेदन कागदावर घ्यावे.

खरे तर हयात खेळाडूबाबतही हाच मार्ग मला अधिक पसंत आहे. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी शेन वॉर्न यांनी आपली कसोटी टोपी लिलावात दिली, तेव्हा तिच्यासोबत त्यांनी सही केलेले प्रमाणपत्र होते, आणि ती दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक किमतीला गेली. कागद हरवला तर नवा करता येतो. टोपीवरची शाई परत काढता येत नाही.

मग वस्तूवरच सही कधी घ्यावी? खेळाडू हयात आहे, वस्तू त्याच्याच हातून तुमच्याकडे आली आहे, वापर छायाचित्रांनी जुळला आहे आणि तो सहीखाली सामना आणि तारीख स्वतःच्या अक्षरात लिहायला तयार आहे, तेव्हा खुशाल घ्यावी. नुसत्या सहीपेक्षा त्या ओळीला अर्थ अधिक असतो. सही होत असताना वस्तूची ओळखखूण दिसेल असे एक छायाचित्रही काढावे.

सही झाल्यानंतरच्या तक्रारी

फिकी पडलेली सही त्याच रंगाच्या लेखणीने गिरवणे ही सर्वांत वाईट दुरुस्ती आहे, कारण गिरवलेली सही तपासणाऱ्याच्या दृष्टीने सही राहतच नाही. फिकेपणा थांबवता येतो, उलटवता येत नाही: वस्तू खिडकीसमोरच्या भिंतीवरून हलवावी, अतिनील किरण अडवणारी काच लावावी, आणि उजेड संग्रहालये नाजूक कापडासाठी पाळतात त्या ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवावा. पसरलेली शाई स्पिरिटने पुसू नये. शाईबरोबर बॅटवरचे ठसे आणि तेलाचा थरही निघतो, आणि सँडपेपर लावला तर वस्तूच नवी होते.

पावसाळ्यात कातड्यावर आणि न धुतलेल्या जर्सीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती ओल्या फडक्याने पुसू नये. वस्तू सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवावी, मग मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटकावी. नंतर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. पिशवीत ओल अडकते, आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिक सहीला चिकटून शाई स्वतःकडे ओढते. जुनी धुतलेली मलमल किंवा आम्लविरहित कागद गुंडाळावा, कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि जून ते सप्टेंबर ती दर महिन्याला बदलावी किंवा तापवून पुन्हा कोरडी करावी.