वालुकाश्माचे माहेर कसे शोधावे

वालुकाश्मात बहुतेक कण क्वार्ट्‌झचे असतात. पण क्वार्ट्‌झ ग्रॅनाइटमध्येही सापडतो आणि नाइस या पट्टेदार रूपांतरित (उष्णता-दाबाने बदललेल्या) खडकातही, त्यामुळे तेवढ्यावरून दगडाचे मूळ कळत नाही. ते सांगतात जड, म्हणजे क्वार्ट्‌झपेक्षा जास्त घनतेच्या खनिजांचे कण. शेकडा एकही नसतील, पण शोधायचे ते हेच.

हाताने चुरा होईल असा मूठभर नमुना घ्या. लोखंडी खलबत्ता वापरू नका. त्याचे कण गळून नमुन्यात मिसळतात आणि पुढे चुंबकाला चिकटून फसवतात. दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबा. कण सुटे करायचे आहेत, त्यांचे पीठ नको. चुन्याने घट्ट जुळलेला दगड व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा. तीव्र आम्ल टाळा, त्यात अ‍ॅपेटाइट हे जड खनिजही विरघळून जाते.

गढूळपणा जाईपर्यंत धुवा आणि बारीक चाळणीने चाळा. परात पाण्यात तिरकी धरून हलके हेलकावे द्या. क्वार्ट्‌झची घनता २.६५, गार्नेटची ४ च्या आसपास, झिरकॉनची ४.६, म्हणून हलके कण वाहून जातात आणि तळाशी गडद रेघ उरते. प्रयोगशाळेत हे काम ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवाने करतात, पण ते विषारी आहे, घरी नकोच.

रेघ वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक वरून फिरवा. मॅग्नेटाइट लगेच उचलला जातो, इल्मेनाइट बहुतेक मागे राहतो. उरलेले कण पांढऱ्या कागदावर दहापट भिंगाने पाहा: गार्नेट गुलाबी, काचेसारखा, कायनाइट निळसर, चपटा, स्टॉरोलाइट मधासारखा तपकिरी. झिरकॉनला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो.

सरावाला कोकणची वाळू उत्तम. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतले इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट बेसॉल्टकडे बोट दाखवतात. मालवणच्या दक्षिणेला जुने ग्रॅनाइट, नाइस आणि शिस्ट उघडे पडले आहेत. तिथे स्टॉरोलाइट किंवा कायनाइट दिसला, तर तो बेसॉल्टमधला नव्हे, रूपांतरित खडकातला.

माझ्या मते सर्वांत जपायचे ते निष्कर्ष काढताना. एखादे खनिज सापडले, तर तो पुरावा आहे. सापडले नाही, तर त्यावरून काहीच ठरवू नका. पायरॉक्सिन, ऑलिव्हिन ही बेसॉल्टमधली खनिजे जमिनीखाली लाखो वर्षांत विरघळतात; झिरकॉन, टुर्मलीन आणि रुटाइल टिकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सुमारे ३ अब्ज वर्षांच्या खडकात ४.४ अब्ज वर्षांचा झिरकॉन मिळाला आहे. त्यामुळे कण गोल गुळगुळीत असतील, तर ते एखाद्या जुन्या वालुकाश्मातून दुसऱ्यांदा सुटून आलेले असू शकतात, हेही तपासा.