बोरन्हाणासाठी मुलांच्या हातची कागदी पिशवी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सांगलीत घरोघरी लहानग्यांची बोरन्हाणे होतात. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलेल्या बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, तासगावचे बेदाणे आणि हलवा ओतला जातो, आणि भोवती बसलेली मुले तो वेचायला एकदम झेपावतात. हा खाऊ घरी नेण्यासाठी बहुतेक ठिकाणी पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटल्या जातात. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली, तरीही घरगुती समारंभांतून त्या हद्दपार झालेल्या नाहीत. त्याऐवजी बाळाच्या मोठ्या भावंडांनी आणि शेजारच्या मुलांनी आदल्या रविवारी बसून कागदी पिशव्या केल्या, तर खाऊ नीट राहतो आणि एरवी फक्त वेचण्यापुरता असलेला मुलांचा वाटा समारंभाच्या तयारीतही पडतो.

वेचण्याच्या गडबडीत पिशवी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने भरावी लागते, म्हणून ती जमिनीवर स्वतःच्या तळावर उभी राहिली पाहिजे आणि तिचे तोंड उघडे राहिले पाहिजे. चपट्या पाकिटासारखी पिशवी करणे सोपे असले तरी या कामाला तिचा उपयोग नाही. कागदाच्या बाबतीतही एक गोष्ट पक्की ठरवावी. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, कारण त्याची शाई खाद्यपदार्थाला लागते, आणि अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनीही मनाई केली आहे. शाळेच्या वह्यांना कव्हर घालण्यासाठी जो साधा खाकी कागद मिळतो तो सर्वांत चांगला, कारण तो मजबूत असतो, घडीवर तडकत नाही आणि त्याला खळ नीट धरते. चकचकीत मुलामा असलेला खाकी कागद मात्र टाळावा, कारण त्यावर खळ चिकटत नाही.

चिकटवण्यासाठी घरचीच खळ करावी. पोह्यांचे दोन चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. मिश्रण दाटसर आणि किंचित पारदर्शक झाले की खळ तयार झाली. टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, परंतु मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या हातात आणि खाऊच्या पिशवीत ते अजिबात नको. थंडीच्या दिवसांत साधी खळ दुसऱ्या दिवसापर्यंत सहज राहते, आणि तेवढी पुरते.

एका पिशवीसाठी ३० सेंटिमीटर लांब आणि २१ सेंटिमीटर रुंद कागद कापून घ्यावा. हे कापण्याचे काम मोठ्यांनी आधीच करून ठेवावे, म्हणजे मुलांचा सगळा वेळ घड्यांना मिळतो. कागद आडवा ठेवून वरची लांब कड २ सेंटिमीटर आतल्या बाजूला दुमडून चिकटवावी. पिशवीचे तोंड याच दुमडीमुळे फाटत नाही. नंतर डावी आणि उजवी कड मध्याकडे आणून एकमेकींवर २ सेंटिमीटर चढवून चिकटवावी. १४ सेंटिमीटर रुंदीची चपटी नळी तयार होईल. तिच्या दोन्ही उभ्या कडांपासून अडीच सेंटिमीटर आत एकेक उभी घडी घालून ती नखाने दाबावी आणि पुन्हा उघडावी. याच घड्यांवर पुढे पिशवीच्या बाजू उभ्या राहतात, त्यामुळे त्या पट्टी ठेवून सरळ घालाव्यात.

खरे कौशल्य तळाला लागते. खालची कड ६ सेंटिमीटर वर दुमडून घडी पक्की करावी. या दुमडलेल्या भागाला कागदाचे दोन थर असतात. त्यांपैकी खालचा थर पिशवीच्या अंगावर तसाच धरून वरचा थर खाली ओढला की डावीउजवीकडे दोन त्रिकोणी खिसे उघडतात आणि मधोमध आधीच्या घडीची आडवी रेघ दिसते. त्रिकोण बोटांनी चपटे करावेत. आता खालची कड वर घेऊन ती मधल्या रेघेच्या १ सेंटिमीटर पलीकडे जाईल अशी दुमडावी, तशीच वरची कड खाली आणावी, आणि जिथे दोन्ही एकमेकींवर येतात तिथे खळ लावून वाळेपर्यंत हाताने दाबून धरावे. सात-आठ वर्षांच्या मुलाला हा भाग तोंडी सांगून समजत नाही. त्याच्या शेजारी बसून, दोघांनी आपापला कागद घेऊन, एक घडी मोठ्याने आणि तीच घडी मुलाने अशा क्रमाने केले तर दुसरी पिशवी ते बहुधा विचारल्याशिवाय करते. त्याहून लहान मुलांना खळ लावणे, दाबून धरणे आणि रंगवणे ही कामे द्यावीत.

तळ वाळल्यावर आतून हात घालून पिशवी उघडली की ९ बाय ५ सेंटिमीटरचा तळ आणि सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर उंची मिळते. आपल्या भागात उसाचे करवे हात आखडून घातले जात नाहीत, म्हणून तळाच्या मापाहून किंचित लहान असा जाड पुठ्ठ्याचा तुकडा आत बसवणे आवश्यक आहे. करव्यांचा रस आणि बोरांचा ओलावा कागदात उतरू नये यासाठी आत बटर पेपर घालावा, आणि बोरे धुऊन कोरडी पुसूनच घ्यावीत. बंदासाठी तोंडाच्या दुमडलेल्या भागात समोर आणि मागे पंचिंग मशीनने दोन-दोन भोके पाडून सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची सुतळी प्रत्येक बाजूला ओवावी व गाठी आतून माराव्यात.

सजावटीसाठी सांगलीकरांना बाजारातून काही आणण्याची गरज नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ती हळद प्रत्येक घराच्या मिसळणाच्या डब्यात असते. चित्रकलेच्या वहीतील पांढऱ्या कागदाचा ८ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, चमचाभर हळद थोड्या पाण्यात आणि थोड्या खळीत कालवून त्यावर ब्रशने पसरावी आणि कागद पूर्ण वाळू द्यावा. दुसऱ्या वाटीत कपड्यांच्या साबणाची वडी घोळवून दाट पाणी करावे. कानकोरण्याच्या कापसाचे टोक त्यात बुडवून मुलाने पिवळ्या कागदावर रेघ ओढली की ती रेघ डोळ्यांदेखत तांबडी होते. हळदीतील कर्क्युमिन अल्कलीच्या संपर्कात तांबडे होते. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल दिसतो तो याच कारणाने. त्या तांबड्या रेघेवर लिंबाच्या रसाचा थेंब सोडला तर तेवढाच ठिपका पुन्हा पिवळा होतो. पतंग, सुगड, उसाचे पेर, बाळाचे नाव, मुलांना हवे ते त्यांनी काढावे. मोठ्यांनी चित्र सुधारू नये. चुन्याने रंग अधिक गडद येतो, परंतु चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये. चित्र सावलीत वाळवून पिशवीच्या समोरच्या बाजूला चिकटवावे. उन्हात हळदीचा रंग लवकर उडतो. चमकी आणि टिकल्या मात्र लावू नयेत, कारण त्या सुटून खाऊत पडतात.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या संध्याकाळी वेष पालटून दारोदार खाऊ मागणारी मुलेही पिशव्या घेऊन फिरतात. आपल्या मुलांना शाळेसाठी किंवा सोसायटीतील कार्यक्रमासाठी तशी पिशवी हवी असेल, तर याच मापाने नारिंगी कागदाची करून तिच्यावर काळ्या कागदाचे त्रिकोणी डोळे आणि दातेरी तोंड चिकटवावे, म्हणजे कोरलेल्या भोपळ्याचा चेहरा होतो.

पाहुण्या मुलांमध्ये अगदी लहान मूल असेल, तर त्याच्या पिशवीतून शेंगदाणे, हरभरे, कडक गोळ्या आणि बिया न काढलेली बोरे वगळावीत, कारण हे पदार्थ घशात अडकू शकतात. त्याला चुरमुरे आणि बिस्किटे पुरेशी आहेत. प्रत्येक पिशवीच्या मागे मुलाचे नाव लिहावे, म्हणजे वेचून झाल्यावर पिशव्यांची अदलाबदल होत नाही. तयार पिशव्या पुठ्ठा काढून चपट्या कराव्यात आणि बोरन्हाणाच्या दिवसापर्यंत जड पुस्तकाखाली ठेवाव्यात. आलेल्या मुलांबरोबर त्यांची भावंडेही येतात, म्हणून दोन-तीन पिशव्या बिननावाच्या जास्तीच्या कराव्यात.