बेलीडान्सच्या वर्गाचा पहिला कार्यक्रम बसवताना

पुण्यात मी बेलीडान्स शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विषय बदलतो, आणि थोड्या वेळाने हळूच विचारतो, "म्हणजे ते पोट हलवतात ते?" हो, तेच. वर्ग सुरू करून दोन वर्षं झाल्यावर मुली (वय २१ ते ५४, पण वर्गात सगळ्या मुलीच) मागे लागल्या की आपलाही कार्यक्रम करू. मला वाटलं, नाच तर तयारच आहेत, हॉल घेतला की झालं. तेव्हा केलेल्या चुका इथे लिहिते. नव्याने शिकवायला लागलेल्या कुणाला तरी उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न नाचाचा नसतोच. बघायला कोण येणार, हा असतो. आमच्यात तीन तट पडले. काहींना 'फक्त महिलांसाठी' प्रयोग हवा होता. लावणीचे तसे प्रयोग आपल्याकडे होतात आणि बायका शिट्ट्या मारून दाद देतात, त्यामुळे कल्पना काही वावगी नव्हती. काहींना नवऱ्याने आणि मुलांनी बघायलाच हवं होतं. आणि दोघीतिघींनी सासरी 'झुंबाला जाते' असं सांगून ठेवलं होतं. शेवटी कार्यक्रम तिकीट न लावता फक्त निमंत्रितांसाठी ठेवला, प्रत्येकीला सहा निमंत्रणं. कुणाला बोलवायचं ते तिचं तिने ठरवायचं. निवेदनात नाव घ्यायचं की नाही, फोटो काढायचा की नाही, व्हिडिओ बाहेर जाऊ द्यायचा की नाही, हे तीन प्रश्न मी आता प्रवेशाच्या फॉर्मवरच विचारते. पहिल्या वर्षी तोंडी विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीच्या नणंदेने स्टेटसला टाकलेल्या व्हिडिओत मागच्या रांगेतली भलतीच मुलगी स्वच्छ दिसत होती. तिने क्लास सोडला नाही, पण महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

प्रेक्षकांत आजोबा-काका असतील तर निवेदनावर मेहनत घ्या. इजिप्तमध्ये या नाचाला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. पोटावरून पडलेलं नाव पाश्चात्त्यांनी दिलेलं, आणि अमेरिकेत ते गाजलं १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली. हे वाक्य निवेदिकेने उच्चारलं आणि पहिल्या रांगेतले घडी घातलेले हात सुटलेले मी विंगेतून पाहिले. दोनच मिनिटं बोलावं, पण माहितीचं बोलावं. 'ही एक सुंदर कला आहे' असं म्हणून कुणाचंही मन वळत नाही.

आता मुख्य गोष्ट: क्रम. २२ जणी, ११ नाच, प्रत्येकी साडेतीन मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांच्या आत नाच संपतात. मी खूश. पण कपडे बदलायला लागणारा वेळ मी धरलाच नव्हता. मण्यांचा पट्टा, मागचे हूक, त्यावर सेफ्टी पिना, केसांत अडकलेलं कानातलं. घामाने ओल्या अंगावरून हे सगळं काढून दुसरं चढवायला दहा मिनिटं तरी जातात. म्हणून माझा नियम: एका मुलीच्या दोन नाचांमध्ये किमान तीन नाच हवेत. एका मोठ्या कागदावर आडवी नाचांची नावं, उभी मुलींची, आणि जिथे तिचा नाच तिथे फुली. दोन फुल्या जवळ आल्या की क्रम बदला. क्रम हा कागद ठरवतो, आपली आवड नाही. आणखी एक: अगदी नवीन बॅचला पहिल्या तीन नाचांत घ्या. त्यांना तासभर विंगेत उभं केलं की हात बर्फ होतात आणि बसवलेलं सगळं विसरतात.

संगीताबद्दल. विद्यार्थिनींच्या कार्यक्रमात लांब गाणी नकोत. इजिप्तची प्रसिद्ध गायिका उम्म कुलसुम हिचं 'एन्ता ओम्री' (१९६४, संगीत मोहम्मद अब्देल वहाब) ऐकायला अवीट आहे, पण ते मैफलीत तासभर चालायचं. आपण त्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतातला तुकडा घ्यावा. नवशिक्यांना सईदी ताल द्या: दुम तक, दुम दुम तक. मधले ते जोडीचे दुम पावलाला आपोआप सापडतात, आणि हातात काठी असली की 'हातांचं काय करू' हा सनातन प्रश्नच सुटतो. काठी शोभेची नाही बरं. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमधल्या पुरुषांच्या 'तहतीब' या लाठीखेळातून ती बायकांच्या नाचात आली. मक्सूम या दुसऱ्या तालात मधल्या जोडीतला पहिला दुम जाऊन तक येतो. तेवढ्या फरकाने मुली गोंधळतात, म्हणून रंगीत तालमीपर्यंत ताल तोंडाने म्हणून घ्या, आपण कहरवा म्हणतो तसा. आणि गाण्याचा अर्थ विचारून घ्या. अरबी येणाऱ्या ओळखीतल्या एका बाईंनी आमचं एक गाणं ऐकून विचारलं, "या सोडून गेलेल्या माणसासाठी रडणाऱ्या गाण्यावर तुमच्या मुली एवढ्या हसतायत का?"

हॉलचे परवाने कोणते लागतात त्याची यादी बुकिंगच्याच वेळी लेखी मागा. जाहीर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित संगीत वाजवायचं तर त्याचा परवाना हे वेगळं प्रकरण असतं. गीतकार-संगीतकारांच्या बाजूने आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणांच्या बाजूने पीपीएल अशा संस्था तो देतात. आपला कार्यक्रम त्यात बसतो का, हे आधी विचारलेलं बरं.

आमचा खरा घोळ झाला तो ट्रॅकचा. सातव्या नाचाचं गाणं मी शेवटच्या आठवड्यात कापून लहान केलं होतं. साउंडवाल्याला पेनड्राइव्ह दिला, त्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली, आणि नावं जवळजवळ सारखी. त्याने जुनी लावली. मुलींनी शेवटची पोझ घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गाणं चालूच. पाच पुतळे आणि ढोलकाचा ठेका. विंगेतून मी काय खुणा करत होते ते मला आता सांगता येणार नाही. मग मधे उभ्या असलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीने हात वर घेऊन तालावर टाळ्या धरल्या. बाकीच्यांनी धरल्या, प्रेक्षकांनी धरल्या, आणि ती शिमी (अंग भराभर थरथरवण्याची हालचाल) करत करत तशीच विंगेत निघाली. एकेक जण तिच्या मागे. लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे. तेव्हापासून 'गाणं संपत नसेल तर' आणि 'गाणं मधेच बंद पडलं तर' या दोन तालमी मी वेगळ्या घेते. पेनड्राइव्हवर आता फक्त ०१ ते ११ असतं, दुसरं काहीही नाही, आणि सगळ्या फाइलींचा आवाज एकसारखा केलेला.

रंगमंच स्वतः झाडून घ्या. नाटकवाल्यांच्या नेपथ्याचे खिळे, टाचण्या राहिलेल्या असतात आणि आपण अनवाणी नाचतो. पट्ट्याचा दोरा तुटून मणी सांडले तर पुढच्या नाचाला घसरगुंडी होते. म्हणून एका मैत्रिणीला काळे कपडे घालून, झाडू घेऊन विंगेत उभं करा. लाइटवाल्याला कपड्यांचे रंग आधी दाखवा. लाल पोशाखावर हिरवा प्रकाश टाकला की तो काळपट दिसतो, आणि तीन महिने टिकल्या शिवणारी मुलगी घरी जाऊन रडते.

तुमचा स्वतःचा नाच? तीन मिनिटं, फार तर चार, आणि मध्यंतराच्या आधी. मी पहिल्या वर्षी शेवटी सात मिनिटं घेतली. दिवसभर पिना आणि पाण्याच्या बाटल्या वाटून अंग पार थंड पडलेलं, आणि समोर आपापल्या मुलीला पाहून झालेले आईवडील पार्किंगचा विचार करत होते. शेवट सगळ्या मुलींच्या एकत्र नाचाने करावा. कुणाची आई उठून जात नाही.

हिशोब त्याच रात्री लिहा. मण्यांचे कपडे मशीनमध्ये घालू नका. उलटे करून सावलीत वाळवा. आणि हॉलच्या अनामत रकमेची पावती पोशाखांच्या पिशवीत ठेवू नका. माझी ओढण्यांबरोबर धुऊन निघाली.