अननसाच्या संशयास्पद नावांचा निकाल कसा लावावा

लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंद ठेवतात ती वही) किंवा बागेतल्या पाटीवर अननसाचं शास्त्रीय नाव लिहायची वेळ आली, की कोकणात हमखास घोळ होतो. माडाखालच्या एकाच अननसाला कुणी अननस सटायव्हस लिहितं, कुणी अननस कोमोसस. नर्सरीतून आणलेल्या लाल पानांच्या रोपाला तर चिठ्ठीवर जे असेल ते चिकटतं: ब्रॅक्टिएटस, ल्युसिडस, नॅनस. हा गुंता सोडवताना एक पथ्य पाळा. नावाचा निकाल आधी कागदावर लावा, रोपाकडे नंतर वळा. दोन्ही एकदम करायला गेलं की मनात बसलेल्या नावाची लक्षणं रोपात दिसू लागतात.

चिठ्ठीवरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवा, पुढे नामकर्त्याचं, म्हणजे ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचं, संक्षिप्त नाव असेल तर तेही. आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ते पहिल्यांदा कधी, कुठे छापलं गेलं ते मिळतं. प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर ते आज ग्राह्य आहे की दुसऱ्या नावाचं समनाम (त्याच झाडाचं, पण आता ग्राह्य नसलेलं नाव), ते कळतं. पाहिल्याची तारीख लिहून ठेवा, कारण हे निर्णय बदलतात.

कोमोससचीच कुळकथा पाहा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली या झाडाला ब्रोमेलिया अननस म्हटलं आणि १७५४ साली ब्रोमेलिया कोमोसा हे नाव आलं. पुढे झाड अननस या वेगळ्या प्रजातीत (इंग्रजीत जीनस; शास्त्रीय नावातला पहिला शब्द) गेलं. सर्वांत जुनं जातिनाम (नावातला दुसरा शब्द) टिकतं हा नियम, पण तो लावला तर 'अननस अननस' होतं, आणि वनस्पतिशास्त्रात प्रजाती व जाती यांना एकच शब्द चालत नाही. म्हणून त्यानंतरचं जुनं नाव आलं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मेरिलने १९१७ मध्ये अननस कोमोसस केलं. सटायव्हस १८३० सालचं, म्हणजे उशिराचं. जुन्या पुस्तकांत ते दिसलं तर झाड वेगळं समजू नका.

२००३ मध्ये कोपन्स द'एकनब्रुग आणि लिआल या शास्त्रज्ञांनी या प्रजातीत दोनच जाती ठेवल्या. ब्रॅक्टिएटस, अननसॉइडिस, इरेक्टिफोलियस, पार्ग्वाझेन्सिस आणि खायचा कोमोसस हे एकाच जातीचे पाच प्रकार ठरले, कारण त्यांचा आपसात संकर होतो. नॅनस अननसॉइडिसमध्ये गेला. दुसरी जाती मॅक्रोडॉन्टिस: फळावर तुरा नाही, गुणसूत्रं ५० ऐवजी १००.

आता रोप. नुसत्या पानावरून निकाल लावू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. सुपारीच्या दाट सावलीत पानं लांब, मऊ, हिरवी होतात. तेच रोप कातळावर उन्हात ठेवलं की आखूड, लालसर. काट्यांचंही तेच. आपल्याकडचा क्यू हा वाण जवळजवळ बिनकाट्याचा, फक्त शेंड्याकडे थोडे काटे. मॉरिशस हा वाण मात्र कडेने भरून काटेरी. दोघंही कोमोससच. वाण आणि जात यांची गल्लत इथेच होते.

फुलोरा आल्यावर तो भिंगातून पाहा. प्रत्येक फुलाखाली एक छोटं पान असतं, त्याला छद म्हणतात. ब्रॅक्टिएटसमध्ये छद मोठे, गुलाबी-लाल, कडेला ठळक दातेरी आणि एकमेकांवर चढलेले असतात. फळाचे डोळे त्यांच्याखाली झाकले जातात. कोमोससमध्ये छद लहान, आणि फळ फुगत जातं तसे डोळे उघडे पडतात. पांढरे-गुलाबी पट्टे असलेलं रोप ब्रॅक्टिएटस म्हणून आणलं, पण छद बारीक निघाले, तर तो पट्टेदार कोमोसस. मग फळाच्या दांड्याची जाडी मोजा: लहान फळ आणि दांडा १५ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर अननसॉइडिसकडे झुका, आणि तशाच रोपाची पानं ताठ व काठ गुळगुळीत असतील तर इरेक्टिफोलियसकडे. काही काटे उलटे, पानाच्या बुडाकडे वळलेले दिसले तर पार्ग्वाझेन्सिसचा विचार करा.

तुरा नाही म्हणून लगेच मॅक्रोडॉन्टिस लिहू नका. वानरांनी तुरा उपटला असेल तर वर जखमेचा वण सापडतो. मॅक्रोडॉन्टिसला जमिनीतून लांब धावते फुटवे येतात, तेही तपासा.

नमुना पावसाळ्याआधी घ्या. पानं मांसल असल्याने जून-जुलैत दाबलेल्या नमुन्यावर दोन दिवसांत बुरशी चढते. घ्यावाच लागला तर टिपकागद दिवसातून दोनदा बदला. लांब पान इंग्रजी एनच्या आकारात दुमडा. बूड, मधला भाग आणि शेंडा तिन्ही दिसले पाहिजेत. फुलं सकाळी उमलतात आणि त्याच दिवशी कोमेजतात, म्हणून सकाळीच काढून ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फळाचा एक सेंटिमीटर जाडीचा उभा काप वेगळा वाळवा. छदाचा रंग वाळल्यावर उडतो. ताज्या फुलोऱ्याचा फोटो पट्टी शेजारी धरून काढा.

तरीही खात्री नसेल तर नोंदवहीत फक्त 'अननस कोमोसस' लिहा, प्रकाराची जागा मोकळी सोडा आणि खाली चिठ्ठीवरचं मूळ नाव जसंच्या तसं ठेवा. नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईच्या ब्लाटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जुळवून पाहता येतो. नेताना रोपाची जागा, सावली की ऊन, आणि रोप कुठून आणलं हे चिठ्ठीवर लिहिलेलं असू द्या.