उच्चार घासण्याआधी कान तपासा

‘हिला स म्हणता येत नाही, जीभ वळवायला शिकवा,’ असं सांगत पालक येतात. मी स्पीच थेरपिस्ट असले, तरी आधी जिभेकडे बघत नाही. जे कानावर नीट पडत नाही, ते तोंडातून नीट कसं येणार?

स्वर दणदणीत असतात, ते बहुतेक मुलांपर्यंत पोचतात. स, श, फ हे मात्र हवेचे बारीक आवाज. वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी असेल तर नेमके हेच गळतात. मग ‘साखर’ची ‘आकर’ होते. व्याकरणही निसटतं: ‘आलास’मधला शेवटचा स ऐकूच आला नाही, तर ‘तो आला’ आणि ‘तू आलास’ यांतला फरक मुलाला उमगणार कुठून?

म्हणून मूल श्रवणयंत्र वापरत असेल, तर रोज सकाळी ते घातल्या घातल्या सहा आवाजांची चाचणी करा. कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या बोलण्यावर काम केलेल्या डॅनियल लिंग यांची ही चाचणी, आवाज ऐकू येतात का ते बघणारी: म्, ऊ, आ, ई, श्, स्. मुलाच्या मागे किंवा बाजूला, साधारण एक मीटरवर बसा, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत. तोंडावर हात धरू नका, त्याने आवाजच बदलतो. लहान मुलाच्या हातात ठोकळा द्या. आवाज आला की डब्यात टाकायचा. मोठं मूल ऐकलेलं म्हणून दाखवेल. क्रम रोज बदला, मधली थांबणीही कमीजास्त ठेवा, नाहीतर पोरं तालावर ठोकळे टाकतात (फार हुशार असतात!).

घोळ होतो तो ‘स’ म्हणताना. आपण सवयीने ‘सऽ’ म्हणतो आणि मूल त्यातला ‘अ’ ऐकून ठोकळा टाकतं. नुसता फुत्कार काढा, गळ्यातून आवाज नको.

एक मीटरवर जमलं की तीन मीटरवर करा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्वयंपाकघरातून मारलेली हाक म्हणूनच वाया जाते.

काल ऐकू आलेला आवाज आज आला नाही, तर आधी बॅटरी बघा, मग यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात मळ किंवा पाणी अडकलंय का ते. सर्दी असेल तर पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. सगळं ठीक असूनही स् आणि श् हुकतच राहिले, तर हुकल्याच्या तारखा वहीत टिपा आणि ती घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जा. यंत्राची जुळणी बदलावी लागेल.

बाळ दहा महिन्यांचं होऊनही ‘बाबाबा’, ‘दादादा’ करत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणत थांबू नका, बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघणारी) करून घ्या.