टांगत्या कुंडीतला मनी प्लांट वरून टकला का होतो?

नर्सरीतून आणलेली मनी प्लांटची टांगती कुंडी सहा-आठ महिन्यांत बऱ्याच घरांत सारखीच दिसू लागते. वर उघडी माती, त्यातून निघालेल्या दोन-तीन नुसत्या काड्या आणि खाली लांब लोंबणाऱ्या शेंड्याला चार पानं. अशा वेळी लोक खत घालतात, पण रोग बहुधा खताचा नसतोच. उजेड कमी पडलेला असतो आणि कात्री कधी लावलेली नसते.

हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरिया बेटावरचा. रानात तो झाडाच्या बुंध्याला धरून उजेडाकडे चढतो आणि वर जाताना त्याचं पान हातभर होतं. लोंबणाऱ्या वेलाला पान लहान लहानच येत जातं. मोठी पानं हवी असतील, तर काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवून वेल तिच्यावर चढवा. टांगत्या कुंडीकडून ती अपेक्षा नको.

‘सावलीत चालतं’ हे अर्धंच खरं. अंधाऱ्या कोपऱ्यात तो जगतो, पण धड वाढत नाही. दोन पानांतलं अंतर लांबत जातं आणि पानावरचे पिवळे-पांढरे पट्टे विरून पान हिरवं पडतं. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत जागा द्या. पश्चिमेची खिडकी असेल तर मध्ये पातळ पडदा हवा, कारण दुपारच्या थेट उन्हात पानावर करपल्यासारखे तपकिरी डाग पडतात.

सहा इंची कुंडीसाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग पर्लाइट (पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू घ्या. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. नुसती चिकण लाल माती पावसाळ्यात आठवडाभर ओली राहते आणि मुळं गुदमरतात.

पाण्याला वार ठरवू नका. बोटाची दोन पेरं मातीत घाला. तिथवर कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालच्या भोकातून वाहीपर्यंत. उन्हाळ्यात ही वेळ तीन-चार दिवसांनी येते, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनीही येईल. टांगत्या कुंडीला खाली चिकटवलेली बशी असते, तिच्यातलं साचलेलं पाणी ओतून टाका. पानं मलूल आणि माती कोरडी असेल तर पाणी हवंय. पानं पिवळी आणि माती ओली असेल तर मुळं कुजताहेत: कुंडी उपडी करा, काळी मऊ मुळं कापा, नव्या कोरडसर मिश्रणात लावा.

आता टकलाचं. कापलेल्या टोकाजवळच्या एक-दोन पेरांतून (पेर म्हणजे वेलाला पान फुटतं तो सांधा) नवा फुटवा येतो, म्हणून शेंडा खुडून मातीजवळ पालवी फुटत नाही. लांब काड्या मातीपासून दोन-तीन पेरांवर कापा. कापलेल्या वेलाचे तुकडे करा. प्रत्येकात निदान एक पेर आणि एक पान हवं, काप पेराच्या साधारण एक सेंटीमीटर खाली. पेराशी तपकिरी टोचा दिसतो, तेच हवाई मूळ. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात मुळं धरेलही, पण त्याचा वेल कधीच होणार नाही. (चोरून आणलेलाच मनी प्लांट लागतो म्हणतात, चोरलेल्या तुकड्याला पेर असलं की लागतोच.)

तुकडे पाण्यात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं चार-पाच सेंटीमीटर होतात. मग पाच-सहा तुकडे त्याच कुंडीत मोकळ्या जागी लावा. पाण्यातली मुळं नाजूक असतात, तेव्हा पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवा. घाई असेल तर लांब वेल न कापता मातीवर गोल फिरवा आणि पेरं केसांच्या यू-पिनेनं दाबा. महाराष्ट्रात हे काम जून ते सप्टेंबरमध्ये सगळ्यात लवकर साधतं.

बाटलीत कायमचा ठेवायचा असेल, तर दर आठवड्याला पाणी बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी काचेला चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

खत थोडकंच: मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत), तेही ओल्या मातीत. पानांना चकाकीसाठी दूध किंवा खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसते. ओलं फडकं पुरे. पेराच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. आधी कापसाच्या बोळ्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थेंबभर भांड्यांचा लिक्विड साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने तीनदा संध्याकाळी फवारा.

पानात आणि चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चघळल्यास तोंड चुरचुरतं, सुजतं. मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल, तर वेलाची टोकं जमिनीपर्यंत पोचू देऊ नका.