गेमवर पलटे घोटताय? गांधार तेवढा तानपुऱ्यावरूनच घ्या

सध्या नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या क्लासपासून सिडकोतल्या घरांपर्यंत आठवी-दहावीची पोरं मोबाईलवर सुरांचे गेम खेळतायत, आपण गाऊ तसा स्क्रीनवरचा बॉल वर-खाली होतो, सूर लागला की हिरवा होतो आणि पॉइंट मिळतात. कोणी म्हणतं असल्या गोष्टींना हातच लावू नका, कोणी म्हणतं रोज दहा मिनिटं खेळा की सूर पक्का. मला दोन्ही पटत नाही. एरवी रियाजाला टाळाटाळ करणारं पोरगं गेममुळे रोज बसतं, हे लहान काम नाही, फक्त तो नीट वापरायला हवा.

आधी सेटिंगमध्ये जाऊन स्वतःची पट्टी टाका, म्हणजे तुमचा सा ज्या उंचीवर सहज लागतो ती. पुष्कळ गेम पांढरी एक या ठरलेल्या पट्टीवर उघडतात आणि पोरं तिथेच गात बसतात. मुलांचा आवाज फुटायच्या वयात पट्टी खाली सरकते, तेव्हा मागच्या वर्षीच्या पट्टीत तार सा, म्हणजे वरचा सा, ओढून काढू नका, गळा बसेल.

पंखा बंद, इयरफोन वायरचा, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. गणपतीच्या आधी ढोल पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की संध्याकाळी माइक भलतंच पकडतो, त्या दिवसांत सकाळी शाळेच्या आधी बसा.

लय मिनिटाला ६० ठोक्यांची ठेवा. आधी सरळ आरोह-अवरोह, मग पलटे, म्हणजे एकच नमुना एकेक सूर पुढे सरकवत गायचा, सारेग रेगम गमप.

आता गांधार, म्हणजे ग. मलाही सगळ्यात जास्त यानेच छळलं आणि इथे कोणी नीट सांगतच नाही. बहुतेक गेम पाश्चात्त्य कीबोर्डच्या हिशोबाने चालतात, म्हणजे सप्तकाचे सारखे १२ भाग, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं बारीक माप). त्यात शुद्ध गांधार येतो ४०० सेंटवर, आणि तानपुऱ्याशी मिळणारा गांधार असतो साधारण ३८६ वर. म्हणजे तुम्ही अगदी सुरात असलात तरी गेम सांगणार, उतरलाय, अजून वर. पोरगं हिरव्यासाठी सूर वर ढकलतं, रोज ढकलतं, आणि काही दिवसांनी त्याचा गांधार कायमचा चढा लागायला लागतो. धैवत-निषादाचंही (ध-नी) तेच, पंचमात (प) मात्र फरक जेमतेम २ सेंटचा, त्यामुळे सा आणि प वर गेमचं खुशाल ऐका. साध्या पेटीचंही गणित हेच आहे, तेव्हा पेटी लावून गांधार तपासू नका.

मग करायचं काय, तर तानपुरा सा-प वर लावा आणि फोन पालथा ठेवा. गाऊ नका, नुसतं ऐका. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार वाजून विरत जाते ना, तिच्यातून वरचा एक बारीक गांधार आपोआप ऐकू येतो, त्यालाच स्वयंभू गांधार म्हणतात. पहिल्या दिवशी ऐकू येईलच असं नाही, घाई करू नका. आला की आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, हळू गांधार लावा, किंचित खालून वर न्या, एका जागी आवाजातली थरथर थांबते आणि तुमचा आवाज तानपुऱ्यात मिसळून जातो. तिथेच श्वास संपेपर्यंत थांबा. मग फोन सरळ करून बघा, बॉल १०-१५ सेंट खाली दिसेल, दिसू द्या. गेममध्ये किती चूक चालेल याची सेटिंग असेल तर ती २० सेंटवर ठेवा म्हणजे तो उगाच लाल होणार नाही.

ज्या नाशिकमध्ये १९२१ साली गायक द. वि. पलुस्करांचा जन्म झाला तिथल्या पोरांनी रंग बघून सूर ठरवावा हे मला खरंच बघवत नाही. आधी कान, मग गळा, स्क्रीन सगळ्यात शेवटी.

हे जमायला लागलं की भूप रागाचे पलटे घ्या, सारेग रेगप गपध, त्यात म-नी नाहीत त्यामुळे गांधार सारखा समोर येतो आणि लगेच कळतं तो जागेवर आहे का. स्क्रीन न बघता तो सलग तीनदा मिळाला तरच पुढची लेव्हल उघडा. कोमल स्वर त्याच्यानंतर.